पैंजणचं दूध तोडलं तेव्हा

कोल्हापुरातून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की बिद्रीच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला एक पांढरं लाकडी कुंपण सुरू होतं आणि अर्धा किलोमीटर तरी संपत नाही. चहूकडे ऊस आणि मधेच हे मोकळं हिरवंगार रान. नव्या माणसाला वाटतं, कुणाचं तरी रिसॉर्ट असावं. तिथं शर्यतीचे घोडे जन्माला येतात. मालकीण संयोगिताबाई. त्यांच्या यजमानांचा हुपरीला चांदीच्या दागिन्यांचा धंदा होता आणि घोड्यांचं वेडही त्यांचंच. ते गेल्यावर बाई हे सगळं मोडून टाकतील असं आसपासचे सगळे धरून चालले होते. बाईंनी कुंपणाची एक फळी हलू दिली नाही.

डॉक्टर संघप्रिया कांबळे तिथं रुजू झाली तेव्हा तिशीची होती. घर मंगळवार पेठेत. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोजल्याशिवाय बोलायचं नाही अशा स्वभावाचे, आणि तो स्वभाव तिच्यात पुरेपूर उतरलेला. सकाळी सहाला ती स्कूटर काढायची आणि सातच्या आत पागेत हजर असायची. कुठल्या जनावराला किती ताप, कुणाचं वजन किती, कोण किती पाणी प्यालं, सगळं तिच्या वहीत असायचं. घोड्यांची निगा राखणारी मोतद्दार मंडळी मागं हसायची. पण घोडं जरा मलूल दिसलं की हाक तिलाच मारायची.

पागेचा जीव होता तो हुपरी सिल्व्हर नावाच्या करड्या घोडीत. तरुणपणी तिनं पुणे, मुंबई, बंगळूर अशी सगळी मैदानं गाजवली होती. नऊ शर्यती जिंकून ती पैदाशीसाठी घरी परत आली, तिला पाच शिंगरं झाली, पण एकही तिच्यासारखं धावलं नाही. नंतरची तीन वर्षं ती रिकामीच राहिली. सतरावं वर्ष लागलं तेव्हा बाईंनी ठरवलं, अजून एकदा बघायचं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या दुनियेत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी समोरासमोर आणावी लागतात, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. बाईंनी महिनोन्‌महिने वंशावळी चाळल्या. सिल्व्हरकडे वेग होता, दम कमी पडायचा. म्हणून पुण्याकडच्या एका स्टडवरचा लांब पल्ल्याचा, शांत डोक्याचा घोडा निवडला. घोडी गाभण राहिली. आकारामनं सगळ्या पागेला पेढे वाटले.

हा आकाराम पागेतला सगळ्यात जुना मोतद्दार. सिल्व्हरचा जन्म त्याच्या हातावर झालेला. तिच्या पहिल्या शर्यतीला तो कोल्हापूर ते पुणे ट्रकमध्ये तिच्याशेजारी उभ्यानं गेला होता, ती बिचकू नये म्हणून.

फेब्रुवारीत सिल्व्हर व्याली. घोड्या बहुतेक रात्री वितात, ही सकाळी सव्वासातला. साखर कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, हवेत मळीचा गोडसर वास भरलेला. शिंगराचा पुढचा एक पाय आत दुमडलेला होता. संघप्रियानं कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला आणि तिनं आणि आकारामनं मिळून शिंगरू ओढलं. मादी होती, काळी कुळकुळीत; करडी शिंगरं जन्मताना गडदच असतात. सिल्व्हर उठली, तिनं शिंगराला नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं. मग तिला दरदरून घाम फुटला. हिरड्या पांढऱ्या पडल्या. गर्भाशयाची धमनी आतल्या आत फुटली होती. वयस्क घोड्यांना होतं असं, आणि झालं की हातात काही राहत नाही. सव्वाआठला सिल्व्हर गेली.

आपण ओढलं म्हणून फुटली का, हा प्रश्न संघप्रियानं त्या दिवशी कुणाला विचारला नाही. पुढं पुष्कळ दिवस ती तो स्वतःलाच विचारत राहिली.

शिंगराचं संकट वेगळंच होतं. पोटात असताना शिंगराला आईच्या रक्तातून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते पहिल्या दिवसाच्या चिकातून. सिल्व्हरचा चीक विण्याआधीचे चार दिवस थेंब थेंब गळून गेला होता. कास पिळली तर पाण्यासारखं पातळ काहीतरी आलं. फ्रीजरमधला साठवलेला चीक आठवड्यापूर्वीच दुसऱ्या शिंगराला देऊन झालेला. पुण्याहून दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा मागवला, तो दुसऱ्या दिवशी पोचणार होता. तोवर बाटलीनं दूध पाजायचं ठरलं, तर शिंगरू बाटली तोंडात घेईना. आकारामनं दिवसभर खटपट केली. नळी घालावी म्हणून संघप्रियानं दुपारी त्याचं पोट चाचपलं. पोट भरलेलं होतं, तट्ट. ओठांच्या कडेला पांढरा फेस लागलेला होता.

तिला वाटलं, आकारामनं पाजलं असणार. आकारामला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रक्त तपासलं. साधी चाचणी असते ती. पट्टीवर निळा ठिपका उमटतो, जितका गडद तितकी ताकद जास्त. चीक न मिळालेल्या शिंगराची पट्टी कोरी राहते. ही गडद निळी झाली. तिनं दुसरी पट्टी वापरली, मग दुसऱ्या पाकिटातली तिसरी. तिन्ही सारख्याच. उरलेलं रक्त तिनं कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. संध्याकाळी फोन आला, की शिंगराला उत्तम चीक मिळालाय, आईला सांभाळा.

पुण्याहून आलेला प्लाझ्मा तसाच फ्रीजरमध्ये गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती शिंगराच्या ठाणाच्या दारात बादली पालथी घालून बसली आणि नुसती बघत राहिली. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता, त्यात भुसकट तरंगत होतं. शिंगरू झोपेतून उठलं, अंग ताणलं, आणि भिंतीपासून चार हातांवर रिकाम्या जागेत जाऊन उभं राहिलं. मान खाली घालून वर वळवली. ओठ पुढं काढले. शेपटीचा छोटा झुपका लटलट हलायला लागला. संघप्रिया उठून हलकेच जवळ गेली आणि तिनं त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. घोट उतरत होते. एकामागून एक, सावकाश, नीट. ओठाच्या कडेनं दुधाचा एक थेंब ओघळून तिच्या मनगटावर पडला. तो कोमट होता.

तिथं उभं राहिल्यावर तिच्या उजव्या गालाला ऊब लागत होती, मोठ्या जनावराच्या शेजारी उभं राहिल्यावर लागते तशी.

ती मागं सरली. आकाराम दारात उभा होता. त्याच्या हातात पाण्याची मोठी बादली होती. तो म्हणाला, "काल तीन बादल्या लागल्या. दूध पाजणारीला पाणी लागतंय की, डाक्टरीणबाई."

त्या दिवसापासून तिनं पाणीही मोजलं. ठाणात चाळीस किलोचं शिंगरू एकटं होतं आणि रोज पन्नास-साठ लिटर पाणी संपत होतं.

बाईंना तिनं सगळं सांगितलं, वही पुढं ठेवून. बाई ठाणात आल्या, तासभर बसल्या. त्यांनी शिंगरू पिताना पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग जाताना एवढंच विचारलं, की वजन वाढतंय ना. रोज दीड किलो, संघप्रिया म्हणाली. कुठल्याही चांगल्या आईच्या शिंगराचं वाढतं तेवढं. तर मग त्याला त्रास होईल असं काही करू नका, असं सांगून बाई निघून गेल्या. 

तरी संघप्रियानं एक प्रयत्न केलाच. शिंगरू गेलेली एक घोडी दाई म्हणून बोलावली, माणकापूरकडच्या एका पागेतून. गरीब जनावर होतं. ठाणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं न टाकलं तोच ती किंचाळून मागं फिरली. तिच्या पाठीवर चावा होता. संघप्रियानं तो धुतला, पट्टीनं मोजला. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे दात होते ते, वरचे सहा आणि खालचे सहा.

शिंगराचं नाव बाईंनी पैंजण ठेवलं. मे महिन्यात तिच्या डोळ्यांभोवती पहिले पांढरे केस आले. पाय आईसारखे लांब, आणि छाती त्या पुण्याच्या घोड्यासारखी खोल. रानात सोडलं की बाकीची शिंगरं आपापल्या आयांच्या कुशीला चिकटून धावायची. पैंजणही तशीच धावायची, थोडी तिरकी, डावं अंग कशाला तरी लावल्यासारखी. दुसरं कुठलंही जनावर तिच्या त्या बाजूला जात नसे. एकदा सगळा कळप कुंपणाच्या कोपऱ्यात दाटला, तेव्हाही तिच्या डाव्या बाजूला एका घोडीपुरती जागा मोकळी राहिली.

हळूहळू पागेतल्या लोकांना सवय झाली. कुणी त्याची चर्चा करत नसे. भीतीही वाटत नसे. उलट ज्या दिवशी पैंजण भरपूर प्यायची त्या दिवशी सगळ्यांचा चेहरा खुललेला असायचा. संघप्रियासुद्धा ठाणात शिरताना नकळत बाजूनं वाट काढून चालायला लागली.

अडचण ऑगस्टमध्ये आली. सहा महिन्यांनी शिंगराचं दूध तोडावं लागतं. एव्हाना त्यानं दाणा-गवतावर यायला हवं, बरोबरीच्या शिंगरांत मिसळायला हवं, नाहीतर त्याचं घोडं होत नाही. पैंजण दाण्याला तोंड लावेना. तिचं वजन वाढायचं थांबलं. जुलैअखेरीस सलग तीन आठवडे काट्यावर तोच आकडा. हाडं वाढत होती आणि अंग भरत नव्हतं. बाकीची शिंगरं जवळ आली की ती त्या मोकळ्या जागेआड सरकायची. अशी राहिली तर ती कधी धावणार नाही, हे संघप्रियाला स्वच्छ दिसत होतं. पण दूध तोडायचं म्हणजे आईला दुसरीकडे न्यायचं. इथं कुणाला न्यायचं?

दोन दिवस विचार करून आकाराम तिच्याकडे आला.

"ट्रक आणू या," तो म्हणाला. "दरसाली जसं करतोय तसंच. ती शानी हाय. ट्रक बघितला की तिला समजतंय, कुठंतरी जायाचं हाय."

संघप्रियानं वहीतून डोकं वर काढलं.

"आणि तिलाबी मोकळं कराय पायजे की, बाई. सा म्हैनं झालं, एका जाग्यावर उभी हाय."

गारगोटीच्या पुढं, पाटगावच्या वाटेवर, बाईंचं एक डोंगरउताराचं कुरण होतं. दूध तोडलेल्या शिंगरांच्या आया दरवर्षी तिथंच जायच्या. राखणीला ज्ञानू नावाचा माणूस होता, त्याच्या घराच्या मागंच तळं. बाईंनी होकार दिला. स्वतः मात्र आल्या नाहीत. मला बघवणार नाही म्हणाल्या.

सकाळी नऊला घोड्यांचा ट्रक ठाणासमोर लागला. रिपरिप पाऊस होता. ड्रायव्हर बाळासो नवा होता, त्याला फक्त घोडी न्यायची आहे एवढंच सांगितलं होतं. तो केबिनमध्येच मोबाइल बघत बसला. आकारामनं घोडा चढायची मागची उतरण खाली टाकली, तिच्यावर वाळू पसरली, आत गवताची पेंढी बांधली. मग तो सिल्व्हरच्या तोंडाला बांधायचा जुना म्होरका हातात घेऊन ठाणात गेला.

पैंजणला दोघा मोतद्दारांनी आत धरून ठेवलं होतं.

आकाराम बाहेर आला. म्होरका त्याच्या हातात नुसता लोंबत होता. तो नेहमीच्या चालीनं, मागं न बघता, तोंडानं च्‌ च्‌ करत उतरणीवर चढला.

उतरण करकरली.

वाळूत काही उमटलं नाही. पण ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले. संघप्रिया चाकाशेजारीच उभी होती. चाक आणि पत्रा यांच्यामधलं अंतर वितीवरून चार बोटांवर आलं.

"चढली काय?" केबिनमधून बाळासोनं विचारलं. त्याला गाडी हललेली कळली होती.

"चढली," आकाराम म्हणाला.

ठाणात पैंजण पहिल्यांदा खिंकाळली.

बिद्री ओलांडल्यावर संघप्रियानं ट्रक उसाच्या एका वजनकाट्यावर घ्यायला लावला. ऊस नसल्यानं काटा मोकळाच होता. तिघंही केबिनमध्ये बसून राहिले. काटेवाल्यानं आकडा कागदावर लिहून दिला. तिनं तो खिशात ठेवला.

मुदाळ तिट्टा गेला, गारगोटी गेली. चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. आकाराम मधल्या खिडकीला कान लावून बसला होता. एकदा तो नुसता "हो, हो, शिल्वर, आलंच," असं म्हणाला आणि डोळे पुसले.

कुरणाच्या फाटकाशी ज्ञानू पावसासाठी डोक्यावर इरलं घेऊन उभा होता. उतरण खाली पडली. आकाराम आत गेला, पेंढीची दोरी सोडली, आणि म्होरका घेऊन खाली आला. शेवटच्या फळीशी थांबून त्यानं हात वर केला, घोडीचं कपाळ खाजवावं तसा हवेत फिरवला.

मग त्यानं म्होरका सोडवल्यासारखं केलं.

ट्रकचा दबलेला मागचा भाग वर उचलला गेला.

उंच गवतात एक वाट पडत गेली, तळ्याच्या दिशेनं. वारा उलट्या बाजूनं वाहत होता.

ज्ञानूनं पाहिलं, मग आकारामकडं बघितलं. "म्हातारी हाय. काय तरास द्यायची न्हाय," आकारामनं सांगितलं. ज्ञानूनं मान हलवली आणि फाटक लावून घेतलं.

परतीला बाळासो म्हणाला, आता गाडी कशी हलकी लागाल्या. त्याच काट्यावर ती पुन्हा थांबली. दोन्ही कागद संघप्रियानं मांडीवर ठेवले. फरक पाचशे तीस किलोचा. सिल्व्हर गाभण राहायच्या आधी तेवढीच भरायची. तिनं कागद नीट घडी करून वहीत ठेवले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं सैल झालं. आपल्या हातून त्या घोडीचं काही वाईट झालं असतं, तर ती अशी गुमान ट्रकमध्ये चढली नसती, असं तिला वाटलं. मोजता येण्यासारखं ते नव्हतं. तरी वाटलं.

पैंजण तीन दिवस खिंकाळली. दूध तुटलेली सगळीच शिंगरं खिंकाळतात. चौथ्या दिवशी दुपारी ती दाण्याच्या कुंडीशी गेली आणि तिनं तळ चाटूनपुसून साफ केला. आठवड्याभरात बरोबरीच्या शिंगरांनी तिला दोन्ही बाजूंनी घेरलं. त्यांच्या मधोमध, अंगाला अंग घासत ती रानभर धावायची, आणि कुंपणाशी उभ्या बाई हसून हसून बेजार व्हायच्या.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे. पैंजण अडीच वर्षांची असताना पुण्याला धावली आणि दुसरी आली. त्यानंतर ती हरली नाही. तिच्यात आईचा वेग होता आणि बापाचा दम. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, मुंबईला त्या मोसमातली माद्यांची सगळ्यात मोठी शर्यत तिनं पाच घोड्यांच्या लांबीनं जिंकली. एव्हाना ती पुरती करडी झाली होती. आकारामनं तिला घेऊन फेरी मारली. हुपरीच्या कारागिरांनी बाईंना तिच्या खुराच्या मापाचा चांदीचा नाल घडवून दिला.

घरी परतल्यावर आकाराम म्हणाला, शिल्वरला सांगून येऊ या. संघप्रियाला त्यात वावगं काही वाटलं नाही. सकाळीच दोघं तिच्या गाडीतून निघाले. ऊन कोवळं होतं. रस्ताभर आकाराम तीच शर्यत पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ती दर वेळी नव्यानं ऐकत होती.

कुरण स्वच्छ राखलेलं होतं. गवत जागोजाग कातरलेलं, जनावर खातं तसं. ज्ञानूनं चहा दिला. घोडीचा काही त्रास नाही म्हणाला. पाणी पिते, दुपारी आंब्याखाली उभी राहते, दिसत नाही एवढंच. सुरुवातीला त्याची बायको घाबरायची. आता घरात काही गोड केलं की तीच थोडं नेऊन कुंपणावर ठेवते.

मग त्यानं जरा अडखळत विचारलं, "दुसरं कवा आणून सोडलासा? आमास्नी सांगायचं तरी."

दुसरं कुणी आणलेलं नाही, संघप्रियानं सांगितलं.

ज्ञानू त्यांना तळ्याच्या काठाला घेऊन गेला. पाणी आटत आलं होतं, कडेनं ओला मऊ गाळ. त्यात मोठ्या खुरांचे ठसे पाण्यापर्यंत गेले होते आणि परत आले होते. त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी लगत, लहान ठसे होते. मधेच ते वेडेवाकडे झाले होते, कुणीतरी उड्या मारल्यासारखे.

आकाराम खाली बसला. तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

संघप्रियानं वाकून एका लहान ठशावर आपला हात ठेवला. ठसा तिच्या तळव्यात मावला. कडा अजून मऊ होत्या, गोलसर. जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवसच खूर असा असतो; हे शिंगरू कालपरवाच जन्मलेलं होतं. तिनं हात काढला तेव्हा ठशाच्या तळाशी पाणी पाझरत होतं.